हळदीतलं द्विदल पीक भरणीआधी निघालंच पाहिजे

हळदीचं बेणं जमिनीत गेल्यावर पहिले २० ते ३० दिवस वर काहीच दिसत नाही. कोंब फुटल्यावरही पानांनी गादी (लागणीचा उंच वाफा) झाकायला आणखी दीड-पावणेदोन महिने जातात. तोवर शेणखतावर आणि पाण्यावर पोसली जातात ती तणं. लागणीपासून भरणीपर्यंतचा, म्हणजे सरीतली माती उचलून हळदीच्या बुडाशी लावेपर्यंतचा, हा मोकळा काळ साधारण ७५ ते ९० दिवसांचा. हळदीत घेवडा, चवळी, मूग असं शेंगांचं द्विदल पीक आंतरपीक म्हणून घ्यायचं तर ते याच काळात बसवायचं. आंतरपीक फसलेल्या बहुतेक प्लॉटमध्ये पीक चुकीचं निवडलेलं नसतं, ते काढायला उशीर झालेला असतो. म्हणून पेरणीचा विचार भरणीच्या तारखेपासून उलटा करत यावा.

उदाहरणासाठी भरणी ७५ व्या दिवशी धरू. त्याआधी दोन-तीन दिवस कापलेला पाला सुकायला हवेत, म्हणजे कापणी ७१-७२ व्या दिवशी. द्विदल पीक लागणीनंतर पाचव्या दिवशी टोकलं तर त्याच्या हातात साधारण ६५ दिवस आले. या ६५ दिवसांत जे पदरात काही टाकून जातं तेच घ्यायचं, बाकीची यादी कितीही मोठी असली तरी उपयोगाची नाही.

या कसोटीला झुडपी श्रावण घेवडा सगळ्यात चांगला उतरतो. पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांत येतो आणि दोन-अडीच आठवड्यांत मुख्य माल निघून जातो. अडचण उन्हाची. फुलोऱ्यात पारा ३०-३२ अंशांच्या वर राहिला तर फुलं गळतात आणि झाडं नुसती हिरवीगार उभी राहतात. लागण कडक उन्हात झाली असेल आणि फुलोराही त्यातच येणार असेल, तर घेवड्याऐवजी झुडपी चवळी घ्यावी, ती उष्णता सोसते. चवळीवर मावा हमखास येतो, कोवळ्या शेंड्यांवर मुंग्यांची ये-जा दिसली की पान उलटून पाहावं. गवारही चालते, पण तिचा बहार तीन महिन्यांच्या पुढे चालू राहतो आणि तिथेच मोह होतो. त्याबद्दल पुढे.

मूग ६० ते ६५ दिवसांत येतो, म्हणून कागदावर अगदी फिट बसतो. मात्र शेंगा वाळायच्या वेळी पावसाची झड लागली तर दाणे झाडावरच मोड काढतात. काढणी पावसात सापडणार असेल तर हिरव्या शेंगांची पिकंच बरी. उडीद ७०-७५ दिवस घेतो, म्हणजे काठावर. भरणी ९० व्या दिवशी करणार असाल तरच त्याचा विचार करावा.

सोयाबीन नको. त्याला ९५ ते ११० दिवस लागतात आणि ते नेमकं हळदीच्या फुटव्यांच्या (बुडातून नवे कोंब येण्याच्या) काळात अंगावर येतं. भुईमूग तर मुळीच नको. त्याची काढणी म्हणजे गादी उकरणं, आणि त्या खोदाईत हळदीचे कोवळे कंद दुखावतात. वेली जातीचा घेवडा, वाल किंवा पसरणारी चवळी हळदीच्या कोंबांना विळखे घालते, ते सोडवताना कोंब मोडतात. बियाण्याच्या पाकिटावर झुडपी असा स्पष्ट उल्लेख पाहूनच बी घ्यावं.

गादीवर जागा कशी द्यायची

दोन गाद्यांच्या मध्यांतलं अंतर ५ फूट, गादीचा माथा ९० सेंटिमीटर, त्यावर मधोमध ठिबकची नळी आणि नळीच्या दोन्ही बाजूंना हळदीची एकेक ओळ, ओळीत आणि दोन ओळींत ३० सेंटिमीटर, अशी मांडणी धरू. हळदीच्या प्रत्येक ओळीबाहेर गादीच्या कडेपर्यंत ३० सेंटिमीटर पट्टा उरतो. द्विदल पिकाची एक ओळ त्या पट्ट्यात, हळदीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर. दोन हळदींच्या मधे काहीही टोकायचं नाही. तिथे बी पडलं की ते थेट ठिबकच्या पाण्यावर आणि हळदीच्या खतावर वाढतं, आणि कापताना हळदीच्या बुडाशी हात घालावा लागतो.

१० गुंठ्यांत अशा गाद्यांची एकूण लांबी साधारण ६६० ते ६७० मीटर भरते. हळदीचे गड्डे लागतात सुमारे ४,४००. ४५ ते ५० ग्रॅमचा गड्डा धरला आणि थोडी मर-तूट सोडली तर सव्वादोन ते अडीच क्विंटल बेणं. घेवडा १५ सेंटिमीटरवर एकेक दाणा टोकला तर सुमारे ३ किलो बी पुरतं, दाणा जाड असेल तर थोडं जास्त. चवळी २० सेंटिमीटरवर दोन-दोन दाणे, दीड ते दोन किलो. मूग १० सेंटिमीटरवर दोन दाणे टोकून नंतर विरळणी केली तर साधारण एक किलो. याहून दाट करू नये. सलग पिकाचं बियाण्याचं प्रमाण हळदीत वापरलं की ४० व्या दिवशी हळद शोधावी लागते.

टोकण वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना), ३ ते ४ सेंटिमीटर खोल. हळद लावून पहिलं पाणी दिलं की दोन-तीन दिवसांत गादीची कड वाफशावर येते, तो दिवस साधावा. चिखलात टोकलेलं घेवड्याचं बी कुजतं, आणि वर पापुद्रा धरला तर उरलेल्याची मान आत मोडते. हळद उगवायची वाट पाहत बसलात तर २५ दिवस फुकट गेले आणि कापणी भरणीच्या पलीकडे सरकली.

ठिबकवर एक गंमत होते. नळी मधोमध असल्यामुळे कडेच्या ओळीला सुरुवातीला ओल पोहोचत नाही, विशेषतः हलक्या जमिनीत. उगवण होईपर्यंत दोन गाद्यांमधल्या सरीत हलकं पाणी सोडावं किंवा झारीने द्यावं. एकदा मुळी खाली गेली की मग अडचण येत नाही.

बीजप्रक्रिया आणि संवर्धक

रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र बांधणारे जिवाणू. त्यांच्या संवर्धकाचं कोणतंही पाकीट कोणत्याही द्विदलाला चालत नाही. मूग, उडीद, चवळी, गवार यांचा एक गट, घेवड्याचा वेगळा, सोयाबीनचा आणखी वेगळा. सोयाबीनचं उरलेलं पाकीट चवळीला चोळणं म्हणजे काळी भुकटी चोळणं. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदत दोन्ही पाहावी. प्रमाण २५ ग्रॅम प्रति किलो बियाणं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करावं, त्यात संवर्धक कालवून बियांवर हलक्या हाताने चोळावं, सावलीत पसरावं आणि त्याच दिवशी टोकावं. घेवड्याची साल पातळ असते, जोराने चोळली की सुटते.

बुरशीसाठी ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति किलो लावणार असाल तर तो रायझोबियमबरोबर चालतो. रासायनिक बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, बी पूर्ण सुकल्यावर सगळ्यात शेवटी संवर्धक. क्रम उलटा झाला तर जिवाणू बुरशीनाशकातच मरतात.

तणनाशकाची अडचण

निव्वळ हळदीत लागणीनंतर लगेच अ‍ॅट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन मारण्याची सवय अनेकांना आहे. आंतरपीक घ्यायचं ठरलं की ही सवय सोडावी लागते. अ‍ॅट्राझीनच्या जमिनीत घेवडा, मूग, चवळी उगवून येतात, दोन-तीन पानं काढतात, मग पानांच्या कडा पिवळ्या पडत करपत जातात आणि आठवड्याभरात ओळ बसते. बियाणं खराब होतं असं म्हणून दुकानदाराशी भांडण होतं, खरं कारण फवारणीच्या वहीत असतं. आधीच्या हंगामात मक्याला किंवा उसाला मारलेल्या अ‍ॅट्राझीनचा अंशही हलक्या, कोरड्या राहिलेल्या जमिनीत त्रास देऊ शकतो. शंका असेल तर त्या जमिनीची माती कुंडीत भरून दहा-बारा दाणे लावावेत आणि दोन-तीन आठवडे पाहावं.

हळदीचे कोंब वर यायच्या आत ग्लायफोसेट मारून रान साफ करणं हीही अशीच एक पद्धत, आणि तीही आंतरपिकात बाद. पेंडिमिथॅलीन उगवणीपूर्वी दोन्ही पिकांना सोसतं, पण मात्रा आणि वेळ लेबलवर असेल तीच, आणि बी नीट झाकलेलं हवं.

सरळ मार्ग खुरपणीचा. २० ते २५ व्या दिवशी एक चांगली खुरपणी झाली की ४० व्या दिवसापर्यंत द्विदल पीक कडेचा पट्टा झाकून टाकतं. या खुरपणीत धोका हळदीचाच असतो. कोंब मातीच्या पातळीवर आलेले असतात, दिसत नाहीत, आणि खुरप्याचं टोक नेमकं त्यावर बसतं. गादीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून हळदीच्या ओळीवर दोरी ताणावी, खुरपणाऱ्यांना सांगावं की दोरीच्या दोन्ही बाजूंना चार बोटं हाताने तण काढा, लोखंड लावू नका.

मुळं उपटून पाहा

३० ते ३५ व्या दिवशी प्लॉटच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पाच-सहा झाडं मातीच्या ढेकळासकट उचलावीत, पाण्यात बुडवून माती सोडवावी आणि मुळं सावकाश पाहावीत. मुळाच्या बाजूला चिकटलेले गोल दाणे दिसले तर एक अंगठ्याने ढकलून पाहावा. सहज निसटला तर ती जिवाणूंची गाठ. तो नखाने चिरावा. आत गुलाबी ते रक्तासारखा लाल रंग असेल तर नत्र बांधण्याचं काम चालू आहे. आत पांढरट किंवा हिरवट असेल तर ती गाठ बसून खाते. कारणं ठरावीक असतात: संवर्धक चुकीचं किंवा मेलेलं, सुरुवातीला युरिया जास्त पडलेला, स्फुरद कमी, किंवा मुळाशी पाणी साचलेलं. घेवडा मुळातच या कामात कच्चा, त्याच्या मुळांवर तुरळक गाठी दिसल्या तर घाबरायचं कारण नाही.

आणि जर फुगवटा निसटतच नसेल, मुळीच स्वतः जागोजागी जाड होऊन मणी ओवल्यासारखी दिसत असेल, तर ती सूत्रकृमीची, म्हणजे जमिनीतल्या सूक्ष्म कृमींची, करणी. हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण मुळांवर गाठी करणारी ही सूत्रकृमी हळदीवरही येते. मूग, चवळी, घेवडा, तिघंही तिला आयतं खाद्य पुरवतात. अशा जमिनीत द्विदल आंतरपीक म्हणजे हळदीच्या शत्रूला दोन महिने पोसणं. तिथे कडेला झेंडू लावावा, नाहीतर ताग, जो सूत्रकृमीला वाढू देत नाही. ताग कडेच्या पट्ट्यात पेरून ४५ ते ५० व्या दिवशी, फुलं यायच्या आत, कापून गादीवर पसरता येतो. शेंगांचं उत्पन्न नाही, पण आच्छादन मिळतं आणि रान सुधारतं.

नत्राचा खरा हिशेब

द्विदल पीक लावलं म्हणून हळदीचा युरिया कमी करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. उभं असताना द्विदल पीक आपण बांधलेलं नत्र स्वतःच वापरतं, शेजारच्या हळदीला त्यातलं फार थोडं मिळतं. हळदीला मिळतं ते पाला आणि मुळं कुजल्यावर. त्यातही दाणे पिकवून नेले तर नत्राचा मोठा भाग दाण्यांबरोबर शेताबाहेर जातो.

आकडा मांडून पाहा. शेंगा तोडून झाल्यावर उरलेल्या १०० किलो हिरव्या पाल्यात ८० टक्के पाणी. राहिला २० किलो कोरडा माल. त्यात नत्र दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४०० ग्रॅम. एवढं नत्र एक किलोपेक्षाही कमी युरियात असतं. हळदीची प्रचलित शिफारस हेक्टरी २०० किलो नत्र, १०० स्फुरद, १०० पालाश धरली तर १० गुंठ्यांना २० किलो नत्र, म्हणजे साडेत्रेचाळीस किलो युरिया. पाल्याने त्यातला किती भाग भरून निघेल हे आपापल्या प्लॉटमधला पाला तोलून काढावं, अंदाजाने गोणी परत पाठवू नये. पाल्याचा मोठा फायदा मातीच्या भुसभुशीतपणात आणि ओल टिकण्यात आहे, तो युरियाच्या भाषेत मोजता येत नाही.

स्फुरद आणि पालाश लागणीच्या वेळी पूर्ण, वरीलप्रमाणे १० गुंठ्यांना सिंगल सुपर फॉस्फेट ६२ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश १७ किलो. माती परीक्षणात आकडा वेगळा आला तर तोच धरावा. स्फुरद कडेच्या पट्ट्यातही पोहोचला पाहिजे, गाठी त्यावरच होतात. नत्र मात्र लागणीला टाकायचं नाही. पहिला हप्ता ४० ते ४५ व्या दिवशी, हळदीच्या बुडाशी किंवा ठिबकमधून. गादीभर विखरून टाकला तर निम्मा द्विदल पीक उचलतं, पाला माजतो, शेंगा कमी लागतात आणि गाठींचं काम थांबतं. फक्त घेवड्याला, त्याच्या गाठी अपुऱ्या असल्या तर, २० दिवसांच्या आसपास त्याच्या ओळीत चिमूटभर युरिया वेगळा द्यावा.

एक खबरदारी शेंगा खाण्याच्या दृष्टीने. हुमणी (मुळं खाणारी अळी) किंवा कंदमाशीसाठी हळदीला आळवणी केली, म्हणजे बुडाशी औषधाचं पाणी ओतलं, तर ते औषध घेवड्याची मुळंही ओढतात. भाजीच्या शेंगा तोडायच्या असतील तर या काळात आंतरप्रवाही (झाडात भिनणाऱ्या) औषधाची आळवणी करू नये. करावीच लागली तर द्विदल पीक कापून गादीवर टाकावं आणि तोडा विसरावा.

कापणी आणि भरणी

७० व्या दिवशी गवार किंवा चवळी शेंगांनी लगडलेली असू शकते. अजून दोन तोडे, मग कापू, असं म्हणत दहा-पंधरा दिवस जातात. या दहा-पंधरा दिवसांत काय बिघडतं ते पाहा. हळदीला फुटवे येण्याचा हाच काळ. सावलीत ती उंच, बारीक आणि फिकट होते, फुटवे कमी धरते, आणि फुटवे कमी म्हणजे हळकुंडं कमी. भरणी लांबली की वर आलेले कंद उघडे राहतात, उन्हाने हिरवे पडतात आणि कंदमाशीला अंडी घालायला जागा मिळते. शिवाय दाट पाल्याखाली गादीची कड सुकतच नाही. निचरा आधीच कमी असेल तर इथून कंदकूज सुरू होते: पानांच्या कडा पिवळ्या पडत खाली येतात, कोंब ओढला की अलगद हातात येतो, बुंधा मऊ आणि पाणचट लागतो. असं एकही झाड दिसलं तर तारखेची वाट न पाहता त्या भागातलं द्विदल पीक त्याच दिवशी काढावं आणि सरी मोकळी करावी.

कापणी विळ्याने, जमिनीलगत. उपटायचं नाही, कारण हळदीची तंतुमुळं तोवर कडेपर्यंत आलेली असतात आणि उपटताना ती तुटतात. मुळं आणि गाठी जमिनीतच कुजू द्याव्यात. अपवाद फक्त सूत्रकृमीचा: गाठाळलेली झाडं मुळासकट काढून रानाबाहेर न्यावीत, हळदीची थोडी मुळं तुटली तरी चालेल.

कापलेला पाला गादीच्या उतारावर आणि सरीच्या काठावर पसरावा, हळदीच्या बुडाशी ढीग करू नये. ओला ढीग तापतो आणि त्याखाली गोगलगायी जमतात. रोगट पाला, विशेषतः बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसणारी झाडं, बाहेर नेऊन जाळावीत. दोन-तीन दिवसांत पाला मलूल झाला की नत्राचा दुसरा हप्ता द्यावा आणि सरीतली माती उचलून भरणी करावी, पाला मातीखाली जाईल अशी. कोवळा पाला ओलीत तीन-चार आठवड्यांत विरघळतो आणि नेमकी तेव्हाच हळद जोमाने वाढत असते.

बांधावरचं आणि आल्यातलं

तूर गादीवर नको, बांधावर किंवा प्लॉटच्या पश्चिम कडेला एकच ओळ. दुपारचं ऊन आणि कोरडा वारा अडतो, हळदीला हलकी सावली मानवते. तुरीला साचलेलं पाणी सोसत नाही, सरीच्या तोंडाशी लावलेली झाडं आधी मरतात. बांधावर गिरिपुष्प असेल तर उत्तमच. त्याच्या फांद्या वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला गादीवर टाकता येतो, आणि तो द्विदल आंतरपीक निघून गेल्यावरही मिळत राहतो.

आल्यात हेच करता येईल का? येईल, पण आल्याची कंदकूज हळदीपेक्षा फार वेगाने पसरते. तिथे गादीवर द्विदल पीक न घेता फक्त बांधावरचा पाला वापरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

माणसं कमी असतील तर घेवडा घेऊ नये. त्याचा तोडा दर दोन-तीन दिवसांनी लागतो, चार दिवस चुकले की शेंगा जून होतात. तेव्हा मूग किंवा सरळ ताग.

पहिल्या वर्षी दोन गाद्या आंतरपिकाशिवाय सोडाव्यात, कडेच्या नव्हे, प्लॉटच्या मधल्या. खत, पाणी, भरणी सगळं सारखं. काढणीला दोन्हीकडच्या प्रत्येकी चार ठिकाणी तीन-तीन मीटर लांबी मोजून ओली हळद माती झाडून तोलावी, आणि प्रत्येक ठिकाणचे फुटवे काढणीआधीच मोजून ठेवावेत. आंतरपिकाचा फायदा दाखवायला जमीन समतुल्य गुणोत्तर काढतात आणि ते बहुतेक वेळा एकापेक्षा जास्तच येतं. हळदीत मी त्यावर फारसा विसंबत नाही, कारण ते गुणोत्तर घेवड्याच्या आणि हळदीच्या किलोला आपापल्या सलग पिकाशी ताडतं, तुमच्या खर्चाशी नाही. इथे तीनच गोष्टी लिहाव्यात: ओली हळद किती घटली, शेंगांचे किती पैसे आले, आणि खुरपणीचे किती वाचले. हळद घटली आणि त्या गाद्यांवर फुटवेही कमी भरले असतील, तर पुढच्या वर्षी पीक तेच ठेवून कापणी आठ दिवस अलीकडे घ्यावी. फुटवे सारखे आणि कंद तेवढे लहान असतील, तर नत्राचा दुसरा हप्ता वेळेवर पडला होता का ते वहीत पाहावं.